तिसरं आणि चौथं नाव

ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. सोसायटीच्या गच्चीवर कोरोनाच्या आठवणी निघाल्या की पाण्याच्या टाकीचं झाकण नीट बसलंय का ते बघायला मी उठायचो. कुणी म्हणालं, "त्या दिवसांत काकांनी किती जणांचे लसीचे नंबर लावून दिले," तर मी हसून मान खाली घालायचो. लोकांना तो विनय वाटायचा. आता त्र्याहत्तरावं लागलंय. लोकांनी विनय समजून घेतलेला हा खोटेपणा कुठेतरी उतरवून ठेवायचा, तर आता ठेवला पाहिजे.

चैत्र संपत आला की आमच्याकडे सुक्या मासळीचे डबे बाहेर निघतात. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा त्याआधी बेगमी करायची, ही सवय मी रोह्याजवळच्या गावातून इथे भाईंदरला, इंद्रलोकमधल्या चौथ्या मजल्यावर घेऊन आलो. परवा सुमनने, माझ्या बायकोने, सोडे आणि जवळा गच्चीवर उन्हाला पसरला आणि मला राखणीला बसवलं. "कावळ्यांकडे बघा. पेपर कुठे पळून जात नाही." मी खुर्ची टाकून बसलो. लांब दोन इमारतींच्या फटीतून उरलेल्या मिठागराचा एक तुकडा दिसतो, त्यावर मिठाचे पांढरे ढीग. वाऱ्याची झुळूक फिरली आणि जवळ्याचा वास नाकात गेला. पेपर हातातच राहिला.

त्या वर्षी या वासाला एक वेगळंच काम होतं. वास गेला की आजार आला, हे तेव्हा सगळ्यांना पाठ झालं होतं. कुणी सकाळी उठून हिंग हुंगायचं, कुणी कॉफी. आमच्या घरी जवळ्याचा डबा उघडला जायचा. सुमन आधी स्वतः नाक लावायची, मग डबा माझ्यापुढे धरायची.

"आला?"

"आला."

"मग चहा घ्या."

दिवस त्यानंतर सुरू व्हायचा. खाली रस्त्यावर अँब्युलन्स जात असायची, तिचा आवाज गोडदेवच्या बाजूला विरेपर्यंत आम्ही दोघं कप हातात धरून बसायचो. डब्यातला जवळा हिराबायचा असायचा.

हिराबाय जुन्या भाईंदरातली कोळीण. साठीची, काटक, नाकात मोठी नथ नाही पण नथीचं भोक ओढलेलं. बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी ती आमच्या गेटबाहेर गुलमोहराच्या सावलीत पाटी मांडून बसायची. आत यायची तिला मनाई होती, वासाबद्दल तक्रारी होत्या. पण तिसऱ्या मजल्यावरच्या ज्या भाभींनी पहिली तक्रार केली होती, त्याच नाकाला ओढणी लावून तिच्यासाठी ताकाचा ग्लास पाठवायच्या. हिराबाय ग्लास वर करून खिडकीकडे बघायची आणि ओरडायची, "भाभी, मच्छी पायजेल काय?" भाभी खिडकी लावून घ्यायच्या. हा खेळ आठवड्यातून तीनदा व्हायचा आणि दोघींनाही तो आवडायचा, असं मला वाटतं.

मला ती भाऊ म्हणायची. मी फोनच्या खात्यातून रिटायर झालोय हे तिला कळलं त्या दिवसापासून तिची एकच मागणी होती. "भाऊ, मना बी एक लायन द्या ना. दर्यात नवऱ्याला फोन लावीन, बोलेन, नुसता बसू नको, मच्छी पकड."

लाइन देणं हेच माझं काम होतं. नव्या जोडणीच्या टेबलावर मी उमेदीची सगळी वर्षं काढली. तेव्हा घरात फोन येण्यासाठी लोक सहा-सहा, सात-सात वर्षं थांबायचे. प्रत्येकाकडे प्रतीक्षा क्रमांकाची एक चिठ्ठी असायची. घडी घालून घालून फाटलेली, सेलोटेप लावलेली ती चिठ्ठी पुढे करून लोक विचारायचे, "साहेब, कुठपर्यंत आलंय?" मी यादी बघून खरं ते सांगायचो. कुणी मंत्रालयातून चिठ्ठी आणली, कुणी पेढे आणले, मी एकही नाव वर सरकवलं नाही. निरोपसमारंभात साहेब एवढं एकच वाक्य माझ्याबद्दल बोलले होते, आणि ते मी पुढची दहा वर्षं अंगावर शालीसारखं मिरवलं.

म्हणून लसीची नोंदणी मोबाइलवर सुरू झाली तेव्हा मला जणू जुनं टेबल परत मिळालं. लोक आधार कार्ड घेऊन यायचे, मी चष्मा चढवून बसायचो. आम्हा दोघांचा पहिला डोस मार्चमध्येच झाला होता. सरकारी पोर्टलवर एका मोबाइल नंबरावर चारच नावं घालता यायची. माझ्या नंबरावर दोन आमची झाली, दोन जागा उरल्या होत्या.

एप्रिलच्या सुरुवातीला एका बुधवारी हिराबाय पाटी उचलता उचलता म्हणाली, "भाऊ, आमचा बी नंबर लावा की. लोका सुई घेतात, आमी काय पाप केला?"

"तुमच्याकडे मोबाइल आहे ना?"

"हाय. पोराचा हाय, तो गेलाय बोटीवर घेवन."

मी म्हटलं, माझ्या नंबरावर लावतो. तिचं नाव घातलं. मग विचारलं, "मालकांचं नाव?" तिने पाटीवरचं फडकं सारखं केलं. मी पुन्हा विचारलं. तिने पदराखालून प्लॅस्टिकची पिशवी काढली, त्यातून दुसरं आधार कार्ड काढलं आणि बोटाने पुढे सरकवलं. "तुमीच वाचा." साठ वर्षांची, भर बाजारात गिऱ्हाइकाला चार शब्द ऐकवणारी बाई, पण नवऱ्याचं नाव घेत नव्हती. मी वाचलं, "धर्मा." ती पाटीकडे बघून हसली. म्हणाली, "सुईला लय घाबरतो. शिंगाडा मच्छीचा काटा हातात घुसला तर दातानी काढल, पन सुई बोलली की घराच्या मागे. मी नेते त्याला. तुमी नंबर लावा."

नावं चढली. तिसरं हिराबायचं, चौथं धर्माचं. पोर्टलने दोघांसाठी दोन लांबलचक आकडे दिले. मी ते एका कागदावर माझ्या चांगल्या अक्षरात उतरवले, खाली तारीख घातली, आणि जुन्या सवयीने म्हणालो, "हे जपून ठेवा. तारीख मिळाली की माझ्या फोनवर मेसेज येईल, मी सांगेन." तिने कागदाची घडी करून पिशवीत ठेवली.

तारीख मिळत नव्हती. लस कमी, माणसं फार. रोज ठरावीक वेळेला पोर्टल उघडायचं आणि मी बोट टेकवेपर्यंत सगळ्या जागा लाल. हिराबाय गेटपाशी आली की आधी वर खिडकीकडे बघायची.

"मेसेज आला का, भाऊ?"

"नाही आला अजून."

तोपर्यंत हे उत्तर खरं होतं.

मग पुण्याहून लेकीचा फोन आला. तिचे सासू-सासरे वसईला दोघंच असतात. सासऱ्यांना साखरेचा त्रास, वसईत लस मिळत नव्हती, आणि जावई आठ दिवस प्रयत्न करून थकले होते. "बाबा, तुम्ही सगळ्या सोसायटीचं करता. आईंचं आणि पप्पांचं तुमच्याच नंबरवर घ्या ना. भाईंदरचं सेंटर बघा, गाडीने येतील. इथे मला रोज विचारतात हो." ती रडवेली झाली होती. मुलीच्या सासरचं माणूस पहिल्यांदाच काही मागत होतं. मी म्हटलं, "बघतो," आणि म्हणतानाच मला ठाऊक होतं की बघतो म्हणजे करतो.

माझ्या आणि सुमनच्या नावापुढे डोस झाल्याची हिरवी खूण होती, ती नावं निघत नव्हती. उरलेल्या दोघांपुढे कचऱ्याच्या डब्याचं एवढंसं चित्र होतं. मी तिसऱ्या नावावर बोट ठेवलं. पोर्टलने विचारलं, नक्की काढायचं का? मी हो म्हटलं. चौथ्या नावालाही तेच विचारलं, मी पुन्हा हो म्हटलं.

मी मनाशी धरून चाललो होतो की व्याह्यांचा डोस झाला की त्यांची नावं काढायची आणि या दोघांची परत घालायची. चार दिवसांचा प्रश्न. नव्या नावांवर दुसऱ्याच दिवशी, पहिल्याच झटक्यात, दोन जागा मिळाल्या. पंधरा-सोळा दिवस जे जमलं नव्हतं ते त्या दिवशी जमलं. काहीच केलं नसतं, नावं होती तशी राहू दिली असती, तर त्या दोन जागा कुणाच्या होत्या हे मला त्या क्षणी कळलं होतं. मी लेकीला फोन लावला आणि म्हटलं, "झालं बघ काम."

शुक्रवारी व्याही-विहीणबाई वरसाव्याच्या पुलावरून गाडीने आले. पालिकेच्या शाळेत डोस घेतला आणि मला भेटायला गेटपर्यंत आले. वर यायला घाबरत होते, म्हणून आम्ही खालीच मास्क लावून हातभर अंतर ठेवून उभे राहिलो. विहीणबाईंना गुलमोहराखाली हिराबायची पाटी दिसली. त्या बोंबील निवडायला बसल्या आणि बोलता बोलता दंड चोळत म्हणाल्या, "हात जड झालाय हो. आत्ताच लस घेतली."

"कुठे भेटली?" हिराबायने विचारलं.

"इथेच. आमच्या व्याह्यांनी नंबर लावून दिला. एका दिवसात."

हिराबायने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत संशय असता तर मी आज हे लिहीत बसलो नसतो. तिचे डोळे आनंदले होते. "मंग माजा बी लागल आता," ती विहीणबाईंना म्हणाली. "मी भाऊंच्याच नंबरावर हाय. मी आनि आमचा म्हातारा." आणि विहीणबाईंच्या पिशवीत तिने वरून मूठभर जवळा टाकला. "पावनी बाय आली, घेवन जा."

त्या गेल्यावर ती पाटी आवरताना म्हणाली, "भाऊ, नायतर उद्या मीच जावन उभी रवते. शाळेजवळ पाटे पाच वाजता टोकन देतात, बाया बोलतात. चपला ठेवल्या गोलात की नंबर लागतो."

खरंच होतं ते. शाळेबाहेर रस्त्यावर चुन्याचे गोल आखलेले होते, आणि पहाटे त्या गोलांत माणसांऐवजी चपला, पाण्याच्या बाटल्या, विटा रांगेत उभ्या असायच्या. तिथून रोज थोड्या जणांना टोकन मिळायचं. ती गेली असती तर कदाचित पहिल्या दिवशी नाही, पण तिसऱ्या दिवशी मिळालं असतं. पण टोकन देणारा आधी फोनवर नाव तपासायचा. नाव सापडलं नसतं. मग तिने माझा कागद पुढे केला असता.

मी म्हणालो, "कशाला त्या गर्दीत जाता? आजार घेऊन याल. नंबर लागलाय ना तुमचा? मेसेज येईल घरबसल्या."

"तुमी बोलता तर बसते," ती म्हणाली.

या वाक्यापाशी मी वर्षानुवर्षं अडखळतो. नावं काढली ती घाईत, लेकीच्या रडण्यापायी. त्याला मी काही ना काही कारण देऊ शकतो. पण तिला रांगेत जाण्यापासून मी थांबवलं, ते शांत डोक्याने.

त्याच संध्याकाळी व्याह्यांची नावं काढायला गेलो तर त्यांच्यापुढेही हिरवी खूण आलेली, आणि कचऱ्याचा डबा गायब. डोस झालेलं नाव निघत नाही, हे स्वतःच्या नावावर मी बघितलं होतं, तरी लक्षात आलं नव्हतं. सुमनला सगळं सांगितलं. ती जेवण गरम करत होती. तिने गॅस बंद केला.

"माझ्या फोनवरून करा. माझ्या नंबरावर कुणीच नाही."

"आधार नंबर त्यांच्याकडे आहेत. परत मागायचे म्हणजे विचारेल, का म्हणून."

"मग सांगा का म्हणून."

"रविवारी बघतो."

रविवारी हिराबाय आली तेव्हा केंद्रावर लस संपल्याचा बोर्ड होता, आणि मला बरं वाटलं. मला बरं वाटलं, हे लिहायला जड जातंय, पण तसंच झालं. लस नाहीच तर नाव असून काय उपयोग, असं म्हणून मी बुधवारही घालवला. "मेसेज आला का, भाऊ?" "नाही आला." आता हे उत्तर खोटं होतं. पण खोटं आणि खरं दोन्ही उत्तरं अगदी सारखी ऐकू येतात.

पुढच्या शुक्रवारी गुलमोहराखाली कुणी नव्हतं.

रविवारीही नाही. त्यानंतर तिच्या गल्लीतली दुसरी कोळीण आली, तिने सांगितलं. हिराबाय सकाळी वाकट्या सुकायला घालत होती. सहज म्हणून धर्माला म्हणाली, बघ, चांगल्या सुकल्यात का. त्याने वाकटी नाकाशी धरली आणि म्हणाला, वास न्हाय. तिला वाटलं मस्करी करतोय. तिने बोंबील दिला, जवळा दिला. तो म्हणाला, कसलाच न्हाय. जन्मभर मासळीत राहिलेल्या माणसाला मासळीचा वास येईना, तेव्हाच ती वाकट्या तशाच टाकून उठली. चौथ्या दिवशी दम लागला. खाट मिळायला दीड दिवस गेला. मग नऊ दिवस, आणि मग प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, लांबूनच दाखवलेला.

नंतर एका डॉक्टरांना मी आडून विचारलं होतं, एखाद्या ओळखीच्या माणसाचं म्हणून. ते म्हणाले, इतक्या थोड्या दिवसांत एका डोसने फारसं काही झालं असतं असं सांगता येत नाही, मनाला लावून घ्यायला सांगू नका त्यांना. हा दिलासा मी घरी घेऊन आलो, पण तो माझ्या मापाचा नव्हता. धर्मा वाचला असता की नाही हे देवाला माहीत. त्याला सुई मिळाली असती की नाही, हे मला माहीत आहे.

दीड महिन्याने हिराबाय आली. पाटी नव्हती. हातात हिरव्या बांगड्या नव्हत्या, कपाळ मोकळं. गुलमोहराखाली नेहमीच्या जागी बसली. भाभींनी ताक पाठवलं, या वेळी स्वतः खाली घेऊन आल्या, आणि ओढणी नाकाला न लावता तिच्याजवळ उभ्या राहिल्या. मी खाली गेलो तेव्हा मी सगळं सांगायचं ठरवलं होतं, चौथ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत शब्द जुळवत आलो होतो. तिनेच आधी तोंड उघडलं.

"तुमी लय केलात आमच्यासाठी, भाऊ. मेसेजच न्हाय आला, त्याला तुमी काय करनार."

भाभी डोळे पुसत होत्या. मी म्हणालो, "तुमचं तरी करून घेऊ या आता."

सुमनच्या फोनवरून नाव घातलं. या वेळी मीच तिला रिक्षाने शाळेत नेलं. चौथीच्या वर्गात सुई दिली जात होती, भिंतीवर पाढ्यांचे तक्ते होते. तिने दुसरीकडे तोंड फिरवलं नाही, सुईकडेच बघत राहिली. मग अर्धा तास बाहेरच्या बाकांवर बसायचं होतं. सुमनचा फोन माझ्या खिशात होता, तो वाजला. ती दचकली.

"तोच का? मेसेज?"

"हो."

"वाचा."

मी मराठीत सांगितलं. अमुक तारखेला तुम्हाला पहिला डोस यशस्वीपणे देण्यात आला आहे, अभिनंदन. तिने पुन्हा वाचायला लावलं. मग समोरच्या मैदानाकडे बघत म्हणाली, "धर्माचा आला असता तर असाच लिवला असता?"

त्याचं नाव तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

"असंच," मी म्हणालो.

यापेक्षा योग्य वेळ पुढे कधी आली नाही. अर्धा तास होता, बाक होता, ती होती. त्या अर्ध्या तासात मी तिला पाणी आणून दिलं.

दुसऱ्या डोसनंतर तिचं सर्टिफिकेट मी रंगीत छापून, लॅमिनेट करून तिच्या घरी द्यायला गेलो. खाडीच्या बाजूची बुटकी खोली, दारात जाळ्यांचा ढीग. धर्मा उतारवयात दर्यावर कमी जायचा, जाळी दुरुस्त करायचा, एक जाळं अर्धवट विणलेलं खुंटीला तसंच होतं. भिंतीवर त्याचा फोटो, हार घातलेला. आणि फोटोच्या चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात खोचलेला एक घडी घातलेला कागद. माझं अक्षर मी लांबून ओळखलं.

"हा कशाला ठेवलाय?"

"तुमी बोलले होते, जपून ठेवा," ती म्हणाली. "त्याचा नंबर हाय त्यात."

पोर्टलवर त्या आकड्याला आता कुणी ओळखत नव्हतं. टेबलावर असताना अशा हजारो चिठ्ठ्या मी हातात घेतल्या, उलगडल्या, परत दिल्या. त्यातली एकही खोटी नव्हती. चहा घेऊन मी उठलो.

नंतरची वर्षं ती येत राहिली. बुधवार, शुक्रवार, रविवार. माझ्या पिशवीत मूठभर जवळा वरून टाकत राहिली. मी नको म्हणायचो, ती टाकायचीच. सुमन कधी कधी मला सुनवायची, "एवढी वर्षं फोनच्या खात्यात काढलीत आणि तुम्हाला बोलताच येत नाही." मी म्हणायचो, पुढच्या रविवारी. दर उन्हाळ्यात जवळ्याचा डबा उघडला की मी ठरवायचो, आणि डबा बंद होईपर्यंत ते विरून जायचं. खरं सांगायचं तर मला तिची माया जाईल ही भीती होती. जिच्या नवऱ्याचं नाव मी काढलं, तिच्याच नजरेत चांगला राहायची हौस मला सुटत नव्हती.

या वर्षी चैत्रात पाटी घेऊन तिची सून आली. सासू माघात गेली म्हणाली, झोपेतच. जवळा मोजून झाल्यावर तिने वरून मूठभर टाकला. "सासूने सांगून ठेवलंय," ती म्हणाली, "भाऊंच्या घरी वरची मूठ द्यायची."

लेक आणि तिचे सासू-सासरे हे वाचतील. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं, त्यांनी मनाला लावून घेऊ नये. सून कदाचित कुणाकडून वाचून घेईल. तिने उद्या पाटी घेऊन या गेटपाशी येणं थांबवलं, तर तेही बरोबरच आहे. आणि हिराबाय ऐकायला राहिली नाही तेव्हाच मला हे लिहायचं धाडस झालं, हेही इथेच लिहून ठेवतो. त्या बाकावर बोलायचं होतं ते एवढंच होतं:

हिराबाय, मेसेज येणारच नव्हता. तुमची दोघांची नावं मी माझ्या बोटाने काढली होती आणि तिथे माझी माणसं घातली होती. तुम्ही रांगेत उभं राहायला निघाला होतात, मी तुम्हाला घरी बसवलं. तुम्ही विचारत राहिलात आणि मी नाही आला म्हणत राहिलो. माझं चुकलं, हिराबाय. धर्माजी, माझं चुकलं.